बहिणाबाईंभोवतीचे वलय

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



जळगावात उभे राहून बहिणाबाईंविषयी बोलावयाचे म्हणजे तापीकाठच्या माणसाला पाण्याची ओळख करून देण्यासारखे आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आजोळ असोद्याचे, कित्येकांची सोयरीक जुन्या जळगावातील. 2018 साली येथील विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले गेले तेव्हा आपल्या समाजातील घराघरांत आनंद झाला, आणि तो होणे स्वाभाविकच होते. तेव्हा त्यांची थोरवी पुन्हा एकवार सांगत बसण्याचा माझा विचार नाही. त्या थोरवीभोवती आपण जे एक वलय निर्माण केले आहे, त्याविषयी मला बोलावयाचे आहे.

सभासमारंभांत त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि वक्ता ठरलेली तीन वाक्ये उच्चारतो. बहिणाबाई निरक्षर होत्या. प्रत्यक्ष सरस्वती त्यांच्या जिभेवर येऊन बसली होती. आणि गाणी त्यांना आपोआप स्फुरत असत. यांतील पहिले वाक्य अक्षरशः खरे आहे. दुसरे भक्तिभावाचे आहे, आणि त्याला हात लावण्याचे मला कारण नाही. तिसरे वाक्य मात्र मला मान्य नाही. ते आपण मान्य करून बसलो यात आपले काही नुकसान झाले आहे आणि अजूनही होत आहे. ते कसे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आधी चार गोष्टी तरुण मंडळींसाठी सांगतो. बहिणाबाईंचा जन्म 1880 सालचा, असोद्याच्या महाजनांच्या घरातला. वडील उखाजी, आई भिमाई. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या नथुजी चौधरींच्या घरी आल्या. तिशीच्या सुमारास वैधव्य आले. पदरी तीन मुले. त्यांतील ओंकार प्लेगमुळे कायमचा अधू झाला. शेत, गोठा, चूल आणि जाते यांच्यात त्यांचे सारे आयुष्य गेले आणि 3 डिसेंबर 1951 रोजी जळगावातच ते संपले. पुढील वर्षी, म्हणजे 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाईची गाणी’ हे पुस्तक निघाले. त्यात पस्तीस कविता होत्या. 1961 साली ‘मानिनी’ चित्रपटात त्यांची गाणी आली, आणि ज्यांनी पुस्तक कधी हातात धरले नव्हते त्यांच्याही तोंडी ती बसली.

आता या तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. बाई एकाहत्तर वर्षे जगल्या. पुस्तक निघाले ते त्या गेल्यावर. म्हणजे ज्या स्त्रीची आपण आज जयंती साजरी करतो, तिने आपल्या गाण्याचे एकही छापील पुस्तक पाहिले नाही.

असेच एक वलय दुसऱ्या एका कापसाच्या मुलुखात, फार दूर, काही गायकांभोवती तयार झाले आहे. त्याची हकीकत ऐकली म्हणजे आपले वलय अधिक स्पष्ट दिसेल, म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ. तो मुलूख खानदेशाला अगदीच परका आहे असेही नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाचे भाव आभाळाला भिडले. खानदेशच्या काळ्या जमिनीत कपाशीचा पेरा वाढला तो या काळापासून. ज्या मुलुखाचा कापूस तेव्हा अडकून पडला होता, त्यातच मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला एक सपाट, काळ्या गाळाचा प्रदेश आहे. त्याला ‘डेल्टा’ म्हणतात. कापूस वेचणारे तेथील कृष्णवर्णीय मजूर जी गाणी गात, त्यांतून ‘ब्लूज’ नावाचा गानप्रकार तयार झाला. त्यात दुःख असते, थट्टा असते, पूर असतो, आगगाडी असते, सोडून गेलेले माणूस असते. ओळ एकदा म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावावयाचा, अशी त्याची साधारण घडण. आपल्या ओवीवर वाढलेल्या कानाला ती फारशी परकी वाटू नये.

या गायकांतील सर्वांत गाजलेले नाव रॉबर्ट जॉन्सन याचे. 1911 साली जन्मला, 1938 साली वारला. वय अवघे सत्तावीस. 1936 व 1937 या दोन वर्षांत टेक्सासमध्ये त्याची एकोणतीस गाणी तबकड्यांवर घेतली गेली, आणि ती त्याच्या हयातीत फारशी खपली नाहीत. 1961 साली त्यांतील काही पुन्हा एका मोठ्या तबकडीवर आली. ती ऐकून इंग्लंडातील तरुण गायक-वादक वेडे झाले. आज जगभर जे गिटारचे संगीत वाजते, त्याची एक मुळी या माणसापर्यंत जाते.

आता त्याची दंतकथा ऐका. तरुण जॉन्सनला गिटार धड वाजवता येत नव्हती. सन हाउस या जुन्या गायकाने ते स्वतः पाहिले होते. मग तो काही काळ नाहीसा झाला, आणि परत आला तो असे वाजवू लागला की ऐकणारे थक्क झाले. लोक म्हणाले, याने मध्यरात्री चौफुलीवर सैतानाला गाठले आणि आपला आत्मा देऊन विद्या घेतली. आपल्याकडे वेताळाच्या गोष्टी असतात, तशातलीच ही. गंमत अशी, की ही गोष्ट मुळात दुसऱ्याच एका जॉन्सनची, टॉमी जॉन्सनची. त्याच्या भावाने ती सांगितली होती. पुढे ती रॉबर्टच्या नावावर चढली आणि तेथेच राहिली.

खरी हकीकत चिकाटीने शोधणाऱ्यांनी पुढे शोधून काढली. त्या नाहीशा झालेल्या काळात जॉन्सन आईक झिमरमन नावाच्या एका वादकाकडे राहून शिकत होता. रात्री इतरांची झोपमोड होऊ नये म्हणून हे दोघे गुरुशिष्य गावच्या स्मशानभूमीत बसून रियाज करीत. म्हणजे रात्र खरी, स्मशानही खरे. सैतानाच्या जागी मात्र एक शिक्षक होता. त्या शिक्षकाचे नाव किती जणांना ठाऊक आहे? चौफुली मात्र सर्वांना ठाऊक आहे. पर्यटक तेथे जाऊन छायाचित्रे काढतात.

दंतकथा माणसाला का आवडते याचा मी विचार केला आहे. आपल्याहून गरीब, आपल्याहून कमी शिकलेल्या माणसाजवळ विद्या दिसली की आपली थोडी पंचाईत होते. ती त्याने कष्टाने मिळवली असे म्हटले, तर त्याला आपल्या बरोबरीला बसवावे लागते. ती दैवी होती असे म्हटले, म्हणजे हार घालून सुटका होते.

बहिणाबाईंनी स्वतः सरस्वतीला आपली माय म्हटले आहे, आणि बोली तिने शिकविली असे गायिले आहे. ही त्यांची श्रद्धा आहे व ती मोठी गोड आहे. नमनाशिवाय ग्रंथारंभ न करणाऱ्या आपल्या साऱ्या संतकवींची रीत हीच. परंतु ज्ञानेश्वरांनी गणेशाला वंदन केले म्हणून त्यांनी अभ्यास केला नव्हता असे कोणी म्हणत नाही. बहिणाबाईंच्या बाबतीतच आपण ते नमन शब्दशः घेतो आणि त्यांची शाळा कोणती होती हे विचारण्याचे टाळतो.

शाळा होती, आणि ती चांगली कडक होती. पहाटे चारला जात्यावर बसलेली मुलगी आईच्या, आजीच्या, शेजारणीच्या ओव्या ऐकते, त्यांत आपली एक भर घालते, आणि ती भर बेतलेली नसली तर समोर बसलेली बाई हसते. याहून कठोर परीक्षक कोणत्या विद्यापीठात आहेत? खुंट्याच्या फेऱ्याबरोबर चरण संपला पाहिजे. नाही संपला तर हात अडखळतो. बहिणाबाईंच्या पुष्कळ गाण्यांत आठ अक्षरांचा चरण इतका पक्का बसलेला आहे, की बोटांवर मोजावे आणि थक्क व्हावे. त्यात आखाजीची झोक्यावरची गाणी मिळवा, कानबाईच्या रात्री मिळवा, गावच्या देवळातली भजने आणि कीर्तने मिळवा. हे सगळे कान उघडे ठेवून ज्याने तीस-चाळीस वर्षे साठविले, त्याला निरक्षर म्हणता येईल; अशिक्षित म्हणता येणार नाही.

शिवाय त्या विषय निवडीत. सुगरणीच्या खोप्याकडे पाहून माणसाला त्याच्या हातांची आठवण करून देणे, अमुक नसेल त्याला तमुक म्हणू नये अशा वाक्यांची माळ गुंफणे, ज्योतिषाला आपला हात पाहू न देणे, ही सहज ओठांवर आलेली गुणगुण नव्हे. यामागे विचार आहे, आणि तो मांडण्याची ठरविलेली पद्धत आहे. स्वतःला एक अक्षर वाचता येत नसताना त्यांनी छापखान्यावर कविता रचली. सोपानदेवांनी एक आठवण सांगितली आहे. शाळेच्या पुस्तकातील सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यांनी घरी वाचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईजवळ त्या गोष्टीचे गाणे तयार होते. आपण म्हणतो, पाहा, किती आपोआप! मी म्हणतो, मध्ये एक रात्र गेली होती. दिवसभर शेतात राबलेल्या बाईने त्या रात्री काय केले असेल, याचा विचार करा.

त्या प्रसंगानंतरच मुलाने आईची गाणी एका वहीत उतरून घेण्यास आरंभ केला, आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनीही काही लिहून घेतली. आज बहिणाबाई म्हणून जे काही आपल्यापाशी आहे, ते सारे या दोन तरुणांच्या हातून आलेले आहे. जे त्यांच्या कानी पडले नाही, किंवा पडले तेव्हा हाताशी लेखणी नव्हती, ते बाईंबरोबर गेले. आणि ते थोडेथोडके नव्हते.

येथे अमेरिकेची तुलना थांबवून एक फरक सांगितला पाहिजे, नाही तर ती तुलना अन्यायाची होईल. डेल्टातील गायक गुलामांची नातवंडे-पतवंडे होती. परक्याच्या जमिनीवर बटाईने राबत होती, आणि गोऱ्यांनी केलेले कायदे त्यांना माणूस म्हणावयास तयार नव्हते. बहिणाबाई कितीही हालात असल्या तरी स्वतःच्या शेताच्या आणि वाड्याच्या धनीण होत्या. असे असून तेथील गाणी अधिक प्रमाणात वाचली, आणि आपली कमी. याचे कारण काही पुण्याईचे नाही. तबकड्या विकणाऱ्या कंपन्यांना 1920 नंतर ध्यानात आले, की कृष्णवर्णीय गिऱ्हाईकही ग्रामोफोनसाठी पैसा खर्च करते. मग त्यांनी गायक शोधण्यासाठी दलाल नेमले. जॅक्सन शहरातला एक तबकड्यांचा दुकानदार, एच. सी. स्पीअर, हा अशा गायकांची पारख करून त्यांना कंपन्यांकडे धाडी. धंदा म्हणून झाले, गायकांच्या पदरात फार थोडे पडले, हे सर्व खरे. तरीही आवाज राहिला. बहिणाबाईंचा आवाज कोणीही तबकडीवर घेतला नाही. जळगावच्या जिनांमधून कापसाच्या गठड्या मुंबईला जात होत्या, आणि मुंबईत ग्रामोफोन होता.

आता आपल्याच गावातली एक गोष्ट. 1907 साली जळगावात पहिले कविसंमेलन भरले. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, वय सतरा, यांनी तेथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. महाराष्ट्राच्या काव्याच्या इतिहासात हा प्रसंग सोन्याच्या अक्षरांनी लिहिलेला आहे. त्या वेळी बहिणाबाई सत्तावीस वर्षांच्या होत्या, आणि त्याच जळगावात नांदत होत्या. त्याच वर्षी त्यांच्या पोटी सोपानदेव जन्मले. संमेलनाच्या मंडपापासून चौधरींचा वाडा काही कोसांवर नव्हता. मंडपातील विद्वानांचा यात दोष आहे असे मी म्हणत नाही. जात्यावरच्या गाण्याला कविता म्हणतात हे तेव्हा कोणालाच सुचले नसते, वाड्यातील माणसांनाही नाही. बालकवी पुढे 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच, आणि त्यांच्याभोवतीही आपण एक हुरहुरीचे वलय उभे केले. पण त्यांच्या कविता छापल्या जात होत्या. वलय राहिले काय, गेले काय, कविता सुरक्षित होत्या.

लिहून ठेवण्याची हौस आपल्या खानदेशात नाही असेही नाही. धुळ्याकडे पाहा. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यास वारले, आणि त्यांची कागदपत्रे जपण्यासाठी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगावच्या मठांतून रामदासी बाडे जमविली, ती वाग्देवता मंदिरात आहेत. आणि धुळ्याच्याच तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, तेव्हा साने गुरुजी शेजारी बसून ती प्रवचने भराभर लिहून घेत. गुरुजी त्या तुरुंगात नसते तर ‘गीताप्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती नसता. याच गुरुजींनी पुढे ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो आणि तो धरणारे कोणी लागते, हे त्यांनी पुरते ओळखले होते. मात्र मोडी कागदाच्या तुकड्यासाठी दहा कोस चालणारे आपले विद्वान ओसरीवरच्या म्हातारीला काय येते हे विचारावयास क्वचितच थांबले. पुढे गी पॉईतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, परंतु ते काम मुख्यतः मावळ-मुळशीकडे आणि मराठवाड्यात झाले.

भाषेविषयी एक शब्द बोललाच पाहिजे. बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असे पुस्तकांतून सर्रास छापलेले आढळते. धुळे, साक्री, शिंदखेड्याकडील मंडळी येथे बसली आहेत, त्यांनीच सांगावे. अहिराणीत षष्ठीला ‘ना’, ‘नी’ लागतो. बहिणाबाईंच्या गाण्यात ‘चा’, ‘ची’ येतो. ‘माले’, ‘तुले’ हे दोन्हीकडे आहे म्हणून बाहेरच्यांचा घोटाळा होतो. ती आपली लेवा गणबोली आहे. हे मी अभिमानाने सांगतो, पण अहिराणीला कमी लेखून नव्हे. अहिराणी हा स्वतःचा संसार असलेली भाषा आहे, आणि तिच्यातील गाण्यांना अजून सोपानदेव मिळावयाचे आहेत. आपल्या शेतात कपाशी वेचणाऱ्या बायकांची, सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल बांधवांची गाणी तर आपण कामाच्या गडबडीत ऐकून न ऐकल्यासारखी केली. ‘बहिणाबाई आमच्या’ असे म्हणताना आपल्या बांधावर वाकून काम करणारीही काही म्हणत होती, हे विसरून चालणार नाही.

आता शेवटची एक अमेरिकेतील गोष्ट, कारण ती आपल्या उपयोगाची आहे. मिसिसिपीतील जॉन हर्ट या शेतमजुराची काही गाणी 1928 साली तबकडीवर आली आणि तो विस्मरणात गेला. पस्तीस वर्षांनी काही तरुणांच्या हाती ती तबकडी लागली. एका गाण्यात त्याने आपल्या गावाचे नाव घातले होते: अव्हॅलॉन. नव्या नकाशांत ते गाव सापडेना; जुन्या नकाशात सापडले. टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण 1963 साली तेथे गेला, तर म्हातारा जॉन हर्ट जिवंत, आणि गुरे राखतो आहे! पुढील तीन वर्षे, 1966 साली मृत्यू येईपर्यंत, हजारो लोकांनी त्याला समोर बसून ऐकले. पुढील वर्षी सन हाउसही असाच सापडला. या शोधणाऱ्यांत बरेचसे विद्वान नव्हते. नुसते नादिष्ट होते.

आपल्याला तर नकाशाही लागत नाही. ऐंशी ओलांडलेली प्रत्येक आजी कोणत्या गल्लीत राहते हे गावाला ठाऊक आहे. जाते गेले, पिठाची गिरणी आली, त्याला दोन पिढ्या झाल्या. जात्यावर स्वतः बसलेल्या स्त्रिया आता मोजक्याच उरल्या आहेत. तरुण मंडळींच्या प्रत्येकाच्या खिशात आवाज धरून ठेवणारे यंत्र आहे. जयंतीला पेटीच्या सुरावर बहिणाबाईंची तीच पाच गाणी म्हणण्याच्या स्पर्धा आपण भरवितो, त्या भरवाव्यात, मुलांचा उत्साह मला आवडतो. पण त्याच मुलांना त्याच दिवशी आजीकडे पाठविले तर काय बिघडेल?

पाठविताना दोन-तीन सूचना मात्र द्याव्यात. म्हातारीला ‘कविता म्हण’ असे सांगू नये. ती म्हणेल, मला येत नाही. सूप हाती द्यावे, किंवा जाते असेल तर त्यावर बसवावे, आणि शेजारची तिची मैत्रीण बोलवावी. दोघी असल्या म्हणजे एकीचे दुसरीला आठवते. जे म्हणेल ते तसेच लिहावे. ‘पानी’ म्हटले तर ‘पाणी’ करू नये, ‘डोया’ म्हटले तर ‘डोळा’ करू नये. शब्द अडला तर तिलाच विचारावा, पुस्तकात पाहू नये. गाणे कोणाकडून शिकली ते नाव, गाव आणि माहेर यांसह अवश्य लिहावे. ते नाव राहिले म्हणजे गुरूही राहतो. आणि शिवीगाळीचे, थट्टेचे, सासूवरचे गाणे आले तर लाजून पान उलटू नये.

यंदा आखाजीला माहेरवाशिणी गावोगाव येतील. झोके बांधले जातील, गौराईची गाणी होतील, जुन्या मैत्रिणी वर्षाने एकत्र बसतील. तोवर ज्यांच्या घरी एखाद्या आजीची, आत्याची गाण्यांची जुनी वही पेटीत पडून असेल, त्यांनी ती बाहेर काढून ऊन दाखवावी, आणि नक्कल करून समाजाच्या कचेरीत आणून द्यावी. मूळ वही मात्र घरीच ठेवावी.